लाज जनाची, धाक पाण्याचा

बर्लिनच्या तळ्यांवर लोक कपडे न घालता पोहतात, हे पुण्या-साताऱ्याहून आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधीच कुठून तरी कळलेलं असतं. संग्रहालयं पाहून होतात, भिंतीचे उरलेले तुकडे पाहून होतात, आणि मग चहाच्या दुसऱ्या कपाला आवाज बारीक होतो. "ते खरं आहे का गं? आणि तूसुद्धा?"

खरं आहे, आणि मीसुद्धा. त्यापुढचे प्रश्न मग एकाच जातीचे येतात. कोणी बघत नाही का? ओळखीचं कोणी भेटलं तर? लाज कशी वाटत नाही? पाणी किती खोल असतं, किती गार असतं, सोबतीला कोण असतं, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. माणसांची धास्ती एका उन्हाळ्यात जाते. पाण्याची धास्ती जाऊन चालत नाही. इथे राहून जे शिकले, ते या क्रमाने सांगते: आधी लोक, मग पाणी.

१. ही इथली जुनी रीत आहे, कोणाचा चाळा नव्हे

जर्मनीत याला 'एफकेके' म्हणतात आणि ते पाटीवर सरळ लिहिलेलं असतं. अशी पहिली संस्था एसेन शहरात १८९८ मध्ये निघाली, असं सांगतात. १९२०च्या दशकात बर्लिनच्या दक्षिणेला मोट्झनर तळ्याकाठी या लोकांची मैदानं होती, आणि आडोल्फ कोख नावाचे शिक्षक बर्लिनच्या कामगारवस्तीतल्या मुलांना उघड्या अंगाने व्यायाम शिकवत होते. ऊन, हवा, पाणी आणि निरोगी शरीर, एवढाच त्यामागचा विचार. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि लगेच बंदी आली. पुढे पूर्व जर्मनीच्या सरकारनेही १९५४ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावर बंदी घालून पाहिली. लोकांनी ती जुमानली नाही, तेव्हा १९५६ मध्ये जागा ठरवून देऊन परवानगी द्यावी लागली.

माझी शेजारीण पूर्व बर्लिनमध्ये वाढलेली, आता सत्तरीला आलेली. तिच्या लहानपणी रविवार म्हणजे आईवडील, भावंडं, बटाट्याच्या सॅलडचा डबा आणि तळं. मी बुजते आहे हे पाहून ती म्हणाली होती, "ओला पोहण्याचा पोशाख अंगावर वाळवत बसणं मला विचित्र वाटतं. तुला नाही वाटत?" ज्यांना यात काहीच वावगं दिसत नाही, त्यांच्यात वावरताना आपला संकोच आपोआप सैल पडतो. मनाला पटवण्याची खटपट फार करावी लागत नाही.

२. आधी पाटी वाचा, पाटी नसेल तर माणसं वाचा

उघड्या अंगाने पोहायला जर्मनीत सरसकट मनाई नाही. पण 'सार्वजनिक उपद्रव' या सदराखाली दंड होऊ शकतो, म्हणून जागेला महत्त्व आहे. ग्रुनेवाल्ड जंगलातलं टॉयफेल्सझे, टेगेलजवळचं फ्लुगहाफेनझे, इथे हे वर्षानुवर्षं चालत आलं आहे. १९०७ पासून चालू असलेल्या वानझेच्या मोठ्या स्नानतटावरही त्यासाठी वेगळा भाग राखलेला आहे.

पाटी नसेल तिथे मी आधी काठाने एक फेरी मारते. लहान मुलांचं खेळणं, कॉफीची टपरी, सायकलींची वाट यांच्या टप्प्यात कपडे उतरवायचे नाहीत. आसपासची कुटुंबं पोशाखात असतील, तर मीही पोशाखात. सोयीची वेळ म्हणजे कामाच्या दिवशीची सकाळ. तेव्हा काठावर निवृत्त मंडळी असतात आणि त्यांना हवा-पाण्यापलीकडे कशातच रस नसतो.

आडोसा हवा म्हणून लव्हाळ्यात शिरायचं मात्र नाही. तिथे पाणपक्ष्यांची घरटी असतात आणि लव्हाळं संरक्षित असतं. वाळूची मोकळी जागा असेल तिथूनच पाण्यात उतरायचं.

३. नजर तोंडावर, मोबाइल पिशवीत

काठावरचे नियम कोणी लिहून लावत नाही, पण सगळे पाळतात. बोलायचं तर डोळ्यांत बघून बोलायचं. मोकळी जागा भरपूर असताना कोणाच्या शेजारी पथारी टाकायची नाही. बाकावर, लाकडी धक्क्यावर किंवा मैत्रिणीच्या चटईवर आपला टॉवेल अंथरल्याशिवाय बसायचं नाही. आणि मोबाइल बाहेर काढायचा नाही, सूर्यास्त कितीही सुंदर असला तरी. तुमच्या कॅमेऱ्यात फक्त पाणी आहे, हे दहा पावलांवरच्या माणसाला कसं कळणार?

कोणी टक लावून पाहत असेल, मागे मागे येत असेल, तर गप्प राहून सहन करू नये. मोठ्याने बोलावं, जवळच्या बाईमाणसाला सांगावं. नेहमी येणारी मंडळी अशा माणसाला ओळखून असतात आणि चटकन उठतात. त्यानेही भागलं नाही तर पोलिसांसाठी ११० आहेच. शालीनता कपड्यांवर अवलंबून नसते, हे मला या काठांवर रोज दिसतं. 'जनाची नाही तर मनाची' म्हणतात, ती मनाची लाज इथे सगळ्यांकडे शिल्लक असते, म्हणूनच हे चालतं.

४. परकर दातात धरण्याची विद्या विसरू नका

मी वाईची. लहानपणी पाठीला सुकलेला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकले. अंगात फ्रॉक असे तोवर मुलींना डोहात सोडत. फ्रॉक गेला आणि पोहणंही गेलं. त्यानंतर घाटावरचं काम एकच राहिलं: धुणं. पण त्या पायऱ्यांवर आजी, मावश्या, शेजारणी भर गर्दीत ओलं लुगडं सोडून कोरडं नेसायच्या, आणि कोणाला तसूभर अंग दिसायचं नाही. परकर दातात, एक हात आत, एक बाहेर, तोंडाने मात्र गप्पा चालूच. दातात परकर धरून बोलायचं कसं, हे ज्यांना येत नसेल त्यांनी वाईला येऊन शिकावं.

इथल्या काठावर ही विद्या फार कामाला येते. नजरेत न भरणं म्हणजे पाण्यापर्यंतचं आणि पाण्यापासूनचं अंतर शांतपणे पार करणं. मी साधा सुती गाऊन नेते, आपल्याकडे दुपारी घरात घालतात तसला, पुढून बटणांचा. तो पाण्याच्या कडेपर्यंत अंगावर असतो. कडेला दगडावर ठेवायचा, आत जायचं, बाहेर येताच घालायचा. किनाऱ्यावर पाहणाऱ्याला दिसतो तो गाऊन. दोनशे युरोंचे खास पोहणाऱ्यांचे झगे मिळतात, त्यांच्यापेक्षा तो लवकर वाळतो.

५. कपडे झाडावर टांगा

ऑगस्ट २०२० मध्ये टॉयफेल्सझेच्या काठावर एक रानडुकरीण दोन पिल्लं घेऊन आली. कोणाचा तरी पिझ्झा तिने खाल्ला आणि एका पोहणाऱ्याची पिवळी पिशवी तोंडात धरून ती चालू लागली. पिशवीत त्याचा लॅपटॉप. तो गृहस्थ होता तसा, म्हणजे पूर्ण उघडा, तिच्या मागे जंगलात धावत गेला. त्याचे फोटो जगभर पोहोचले. लॅपटॉप परत मिळाला आणि काठावरच्या लोकांनी टाळ्या वाजवून त्याचं स्वागत केलं.

गोपींचे कपडे निदान कदंबावर तरी होते. इथे खाण्याच्या वासाची पिशवी जमिनीवर ठेवली, की ती रानडुकरांची. कपडे आणि डबा वेगवेगळे ठेवा, कपडे फांदीवर टांगा आणि तुम्ही पोहत असताना दिसतील अशा फांदीवर टांगा. किल्ली आणि थोडे पैसे जलरोधक पाकिटात घालून बरोबर न्या. लॅपटॉप घरी ठेवा.

६. अंगठी घरी, मंगळसूत्र डब्यात

थंड पाण्यात बोटं आकसतात आणि वर्षानुवर्षं न निघालेली अंगठी पत्ता न लागू देता निसटते. लांब मंगळसूत्र पाण्यातल्या फांदीत अडकू शकतं. दागिना उतरवायला मन धजत नसेल तर आखूड, घट्ट बसणारा घाला. पण तळ्याच्या तळाशी गेलेलं सोनं शोधायला कोणी बुडी मारायची नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

७. पहिल्या मिनिटात पोहू नका

'उघड्यापाशी नागडं गेलं, सारी रात्र हिवानं मेलं' ही म्हण मी इथे दर मे महिन्यात आठवते. बाहेर चोवीस-पंचवीस अंश ऊन असतं, झाडं पालवलेली असतात, आणि पाणी अजून चौदा-पंधरा अंशांवर असतं. पोहण्याच्या पोशाखाने तशीही फार ऊब मिळत नाही, पण छाती, पोट आणि पाठ एकदम उघडी पाण्याला लागली की झटका जास्त जाणवतो.

होतं ते असं. कातडीला गारठा लागताच आपण न ठरवता मोठा श्वास ओढतो, मग धापा लागतात, नाडी उडते, रक्तदाब चढतो. त्या पहिल्या श्वासाच्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. भले भले पोहणारे काठापासून चार हातांवर बुडतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे. हा झटका दोन-तीन मिनिटांत ओसरतो. म्हणून उडी मारायची नाही, चालत उतरायचं. आधी पाय, मग मनगटं आणि मान ओली करायची. छातीपर्यंत पाण्यात उभं राहून तोंडाने लांब श्वास सोडत राहायचं. गप्पा मारता येण्याइतका श्वास संथ झाला, की मगच पाय उचलायचे.

चुकून पडलातच, तर हातपाय मारण्याची घाई करू नका. उताणं व्हा, डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, हात हलकेच हलवत तरंगत राहा. श्वास आवरला, की काठाकडे. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गार पाण्याच्या वाटेला जाऊ नये.

८. तळं वरून एक असतं, खालून दुसरं

जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी बावीस-तेवीस अंशांपर्यंत येतं आणि मन निर्धास्त होतं. पण हे ऊबदार पाणी हलकं, ते वरच तरंगतं. पाणी सर्वांत जड असतं चार अंशांना, आणि ते खाली बसून राहतं. खोल तळ्यात दोन्हींच्या मधला पट्टा इतका अरुंद असतो, की सरळ उभं राहून पाय खाली सोडले तर गुडघ्यापर्यंत उन्हाळा आणि घोट्यांना हिवाळा लागावा. बुडी मारणाऱ्याला अचानक पेटके येतात ते इथे. म्हणून खोल पाण्यात मी आडवी पोहते आणि बुड्या मारत नाही.

फ्लुगहाफेनझे ही वाळू-खडी उपसून झालेली खाण आहे. बर्लिनमधलं सर्वांत खोल तळं तेच, जवळपास ३४ मीटर. अशा खाणींत तळ हळूहळू उतरत नाही. कमरेइतकं पाणी, पुढचं पाऊल, आणि खाली काहीच नाही. ज्याला पोहता येत नाही त्याने इथे गुडघ्यापलीकडे जाऊ नये. दक्षिणेला लाउझित्सच्या पट्ट्यात दगडी कोळशाचा हलका भाऊ, तपकिरी कोळसा, निघतो. तिथल्या बंद पडलेल्या बऱ्याच खाणी आता तळी झाल्या आहेत. तिथल्या काही किनाऱ्यांची वाळू पाणी पिऊन अचानक सरकते, माणसासकट. 'जिवाला धोका' अशी पाटी असेल तिथे एकांत पुष्कळ मिळतो, तो त्यामुळेच. तो एकांत घेऊ नका.

आणि गढूळ किंवा अनोळखी पाण्यात सूर मारायचा नाही. पाण्याखाली खोड आहे की दगड, हे मान मोडल्यावर कळून उपयोग नाही.

९. अंगावर एकच वस्तू घालायची असेल तर ती टोपी

भडक नारिंगी किंवा पोपटी. काळे केस पाण्यात दिसत नाहीत आणि मोठ्या तळ्यांवर होड्या, मोटारबोटी, फळीवर उभं राहून वल्हवणारे, सगळेच फिरत असतात. त्याबरोबर कमरेला दोरीने बांधायचा हवेचा फुगा मिळतो. तो पोहताना आड येत नाही, दुरून दिसतो आणि दमल्यावर धरून तरंगता येतं. कपडे नकोत म्हणून आलेल्या लोकांना ही दोरी जिवावर येते. मी तरी ती बांधल्याशिवाय काठापासून लांब जात नाही.

एकटीने जायचं नाही. जर्मनीच्या जीवरक्षक संघटनेने २०२४ साली बुडून मेलेल्यांचा आकडा किमान ४११ दिला. त्यातले बहुतेक नद्या आणि तळ्यांत गेले, आणि पुरुषांची संख्या कितीतरी जास्त होती. बिअर पिऊन उतरायचं नाही, रात्री कोणी बघत नाही म्हणून उतरायचं नाही. ज्या अंधारात तुम्हाला कोणी बघत नाही, त्यात तुम्ही हात वर केलात तरी कोणाला दिसणार नाही. माझा नियम असा, की एकजण पाण्यात असताना दुसऱ्याने काठावर कपड्यांत असावं, फोन चार्ज केलेला असावा आणि ११२ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर तळ्याच्या कुठल्या बाजूला यायचं ते सांगता यावं.

१०. गुडघाभर पाण्यात उभं राहून पाय दिसतात का पाहा

दिसले नाहीत आणि पाण्यावर हिरव्या रंगाचे पट्टे किंवा सायीसारखा थर असेल, तर कपडे घाला. हे निळं-हिरवं शेवाळ विषारी असू शकतं. मे २०१७ मध्ये टेगेलच्या तळ्यावर अशाच शेवाळाने काही कुत्री दगावली होती. उन्हाळ्याच्या मोसमात आरोग्य खातं ठरलेल्या तळ्यांचं पाणी तपासून निकाल जाहीर करतं. निघण्यापूर्वी ते बघायला एक मिनिट पुरतं. मुसळधार पाऊस झाला की शहराच्या जुन्या भागातलं सांडपाणी नदीत उतू जातं, तेव्हा हाफेल नदीच्या पात्रातल्या तळ्यांना मी तीन-चार दिवस विश्रांती देते.

कोमट, उथळ आणि बदकांच्या आवडत्या पाण्यात एक सूक्ष्म अळी असते. तिला बदक हवं असतं, चुकून आपण सापडतो. ती आपल्या अंगात जगत नाही, पण लाल पुरळ आणि खाज ठेवून जाते. बाहेर आल्याबरोबर टॉवेलने खसखसून अंग पुसावं आणि बदकांना पाव घालणाऱ्यांच्या जवळ पोहू नये.

११. पाण्याबाहेर आल्यावरही पंधरा मिनिटं जपा

गार पाण्यातून बाहेर आल्यावर शरीराच्या आतलं तापमान काही वेळ खालीच जात राहतं. काठावर बरं वाटतं आणि बसथांब्यावर दातखिळी बसते. म्हणून अंग कोरडं, मग वरचे कपडे, मग खालचे, लोकरीची टोपी, आणि थर्मासमधला आल्याचा चहा. बोटं वळत नाहीत, तेव्हा हुक आणि छोटी बटणं असलेले कपडे नेऊ नका.

ज्या कातडीने जन्मात ऊन पाहिलेलं नाही, ती भराभर भाजते. उन्हासाठीचं मलम तिथेही लावा. आणि घरी आल्यावर गोचीड शोधा: जांघेत, गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला. तिच्यातून येणाऱ्या मेंदूज्वराला लस आहे, ती घ्यावी. बोरेलिओसिसवर मात्र इथे लस मिळत नाही, पण त्याचे जंतू सहसा काही तासांनी अंगात उतरतात. त्याच संध्याकाळी चिमट्याने काढली तर बहुधा निभावतं. सोबत नवरा किंवा मैत्रीण असेल तर पाठ तपासायला लाजू नका. दिवसभर जी लाज बाजूला ठेवली, ती गोचिडीसाठी कशाला बाहेर काढायची?

१२. हे सामानात भरून घरी नेऊ नका

"मग कोयनेच्या पाण्यात, पहाटे, कोणी नसताना?" असा प्रश्न मला भाच्याने विचारला. नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वर्तनाला तीन महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरही यातून सूट नाही. पण कायद्याच्या आधी दुसरं कारण सांगते. ज्या काठावर बायका धुणं धुतात, गुराखी गुरं पाजतात, तो काठ त्यांचा आहे. त्यांनी मान्य केलेलं नाही ते त्यांच्यासमोर करणं म्हणजे मोकळेपणा नव्हे, अरेरावी. आणि आपल्या धरणांच्या फुगवट्यात गाळ आहे, बुडालेल्या गावांच्या भिंती आणि विहिरी आहेत, कधी सोडलं जाईल याचा नेम नसलेलं पाणी आहे. तिथे पोशाख घालूनही जपूनच उतरावं लागतं.

१३. परत फिरायची तयारी ठेवून निघा

तास-दीड तासाचा प्रवास करून पोहोचावं आणि पाण्यावर हिरवी साय दिसावी, दूरवर वीज चमकावी, किंवा नेहमीच्या जागेवर शाळेची सहल उतरलेली असावी. असं प्रत्येक उन्हाळ्यात होतं. "आलोच आहोत तर दोन मिनिटं" हे वाक्य अशा वेळी कोणी तरी म्हणतंच. माझ्या शेजारणीचं त्यावरचं उत्तर ठरलेलं आहे: "तळं इथेच राहणार आहे." तेवढं म्हणून ती बुटाची नाडी बांधायला लागते. आम्ही मग जंगलातून स्टेशनपर्यंत चालत जातो, कोपऱ्यावर आइस्क्रीम खातो आणि पुढच्या आठवड्याचा वार ठरवतो. पाहुण्यांना मी हल्ली हेच आधी सांगते: पोशाख आणायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण परत फिरायला तयार नसाल तर मी नेणार नाही.